आधी छत पाहिलं, मग सामान आत नेलं

समुद्रकाठच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींनी हे वाचावं, आणि त्यांच्या आईवडिलांनीही. आमचं वसतिगृह भर पावसाळ्यात रिकामं करावं लागलं. पुढच्या मिरगाच्या तोंडावर, दुरुस्ती झाल्यावर, आम्ही तिथे परत राहायला आलो. परत येणं म्हणजे कुलूप उघडून ट्रंक आत ढकलणं एवढंच असेल, असं बाहेरून वाटतं. आम्हाला त्याआधी बरंच काही विचारावं लागलं, पाहावं लागलं, आणि थोडंफार स्वतः तपासावंही लागलं.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण अशा इमारती वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत कुठेही आहेत. आमची तीन मजली. सांगाडा काँक्रीटचा, मधल्या भिंती चिऱ्याच्या. गच्चीवर उभं राहिलं की समुद्राची निळी पट्टी दिसते, आणि वारा पश्चिमेचा असला की खिडकीच्या गजांवर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गच्चीवर पूर्वी पत्र्याची शेड होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात ती गेली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. शेड काही परत उभी राहिली नाही, दर पावसाळ्याआधी निळी ताडपत्री टाकली जायची. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या छताला तपकिरी ओघळ होते आणि मुली त्यांना सरावल्या होत्या.

श्रावणातल्या एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत छताचा मोठा तुकडा खाली आला. गिलाव्याबरोबर काँक्रीटही. त्या खाटेवरची मुलगी सणाला घरी गेली होती, म्हणून कुणाला लागलं नाही. आम्ही धावत गेलो तर गादीवर ढिगारा होता आणि वर गंजून पापुद्रे सुटलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. सकाळी वरचा मजला रिकामा करण्याची नोटीस लागली, दुपारपर्यंत ती संपूर्ण इमारतीसाठी झाली. रेक्टर मॅडमनी त्या दिवशी जेवणाचं नावही काढलं नाही. एकेका मुलीच्या घरी स्वतः फोन केला, आणि तिची सोय लागेपर्यंत फाटकापाशी उभ्या राहिल्या. हे मी विसरणार नाही.

मग पांगापांग. काही जणी मेसच्या हॉलमध्ये गाद्या टाकून राहिल्या, काहींनी गावात खोल्या घेतल्या, आणि काही थेट घरी गेल्या. खोलीचं भाडं, त्याची अनामत, डबा, एसटीचा पास हे सगळं एकदम अंगावर आलं. वसतिगृहाच्या शुल्कात बसणाऱ्या मुलींना ते झेपणारं नव्हतंच. माझी रूममेट मंडणगड तालुक्यातली. तिच्या घरून निरोप आला, घरी राहून अभ्यास कर, परीक्षेपुरती जा. प्रयोगशाळेच्या विषयात घरी राहून काय अभ्यास होणार? ती गेली तेव्हा तिची बादली आणि पुस्तकांची पेटी मी माझ्याकडे ठेवून घेतली, म्हणजे तिला परत यावंच लागेल.

मी जिथे राहिले त्या आजींचं घर चिऱ्याचं, कौलारू, शंभरी गाठलेलं. मी पहिल्या रात्री सारखी वर बघत होते ते त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "अगो, निजून जा. दर वर्षी कौलं परततो आम्ही. वर काय आहे ते सगळं दिसतंय तुला." ते खरंच होतं. वासे, रिपा, कौलं, सगळं उघडं. काय कुजलंय ते दिसतं, दिसलं की बदलतात. स्लॅबचं तसं नाही. तो आतून खराब होतो आणि वरून रंग लावला की धड दिसतो.

म्हणून आम्ही ठरवलं की इमारतीत परत जायचं तर आत काय झालंय ते आम्हाला कळलं पाहिजे. मुलींनी सह्या करून अर्ज दिला. मागण्या मोजक्याच ठेवल्या. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून त्याचा अहवाल आम्हाला वाचायला मिळावा. काम चालू असताना ठरावीक दिवशी दोन प्रतिनिधींना आत जाऊ द्यावं. आणि राहायला बोलावण्याआधी अभियंत्यांनी सगळ्यांसमोर बसून प्रश्नांची उत्तरं द्यावीत. कार्यालयातून आधी "काम प्रगतीपथावर आहे" एवढंच उत्तर यायचं. आम्ही दर वेळी नवा अर्ज द्यायचो आणि पोच घ्यायचो. पोच घ्यायची सवय फार उपयोगाची. तोंडी विचारलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

अखेर गणपतीनंतर ऑडिट सुरू झालं आणि आम्हाला आत सोडलं. हेल्मेट घालून मी पहिल्यांदा आमचीच खोली पाहिली. सल्लागार अभियंत्यांनी खूप समजावून सांगितलं, आणि मी रसायनशास्त्राची असल्यामुळे त्यातलं एक तर मला तिथल्या तिथे कळलं. त्यांनी छताचा थोडा भाग ताजा फोडला, धूळ झटकली आणि बाटलीतून काहीतरी फवारलं. आतला भाग गर्द गुलाबी झाला. बाहेरचा, खोलीकडचा थर तसाच करडा राहिला. बाटलीत फिनॉल्फ्थॅलिन होतं! आम्ही ज्याचे थेंब टायट्रेशनच्या, म्हणजे द्रावणात काय किती आहे ते मोजायच्या प्रयोगाच्या, फ्लास्कमध्ये टाकतो तेच.

त्याचा अर्थ असा. ताज्या काँक्रीटचा सामू, म्हणजे पीएच, साडेबारा-तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट थर बसतो आणि तो तिला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि सामू उतरतो. तो ९ च्या खाली गेला की फिनॉल्फ्थॅलिन रंग देत नाही आणि सळईवरचा तो थरही टिकत नाही. समुद्रकाठी याच्या जोडीला क्लोराइड असतं. सामू चांगला असला तरी क्लोराइड त्या थराला भोकं पाडतं. ते खाऱ्या हवेतून येतं, आणि बांधताना खाडीची रेती न धुता वापरली असेल तर पहिल्या दिवसापासूनच आत असतं. एकदा गंज धरला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा आत नसते, म्हणून काँक्रीट फुटतं आणि खाली येतं. छतावरचे तपकिरी ओघळ म्हणजे हीच गोष्ट खूप आधीपासून सुरू असल्याची खूण होती.

आमच्या छतात सळई नेमकी त्या करड्या, रंग न आलेल्या थरात होती. काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलं आहे, खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या भागासाठी ३०. आमची इमारत त्याच्या आधीची, आणि फोडलेल्या जागी आवरण बोटाच्या पेराएवढंही नव्हतं.

बाकीच्या चाचण्याही पाहिल्या. एकीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजतात. वेग जास्त आला तर काँक्रीट चांगलं, फार कमी आला तर शंका घ्यायची. दुसरीत तांबं आणि मोरचुदाचं इलेक्ट्रोड पृष्ठभागावर टेकवून सळईचं विभव, म्हणजे व्होल्टेज, मोजतात. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला की तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर धरतात. आमच्या न्हाणीघरांच्या खालच्या तुळयांवर आकडे त्याच्याही पलीकडे जात होते. तळमजल्याचे खांब मात्र बरे निघाले. इमारत पाडावी लागणार नाही हे त्या दिवशी कळलं, आणि मला तिथेच रडू आलं.

काम दसऱ्यानंतर, पाऊस पुरता ओसरल्यावर लागलं. कारागीर विजापूरकडचे होते. कोकणात बांधकामावर ती मंडळी आता सगळीकडे दिसतात. आधी प्रत्येक मजल्यावर लोखंडी टेकू लावले, मग फोडकाम. मला वाटलं होतं सैल झालेलं तेवढंच काढतील. मिस्त्रींनी सळईच्या मागे बोट फिरेल इतकं खोदायला लावलं. मी विचारलं तर म्हणाले, "अक्का, मागचं सडकं ठेवलं तर पुढचं नवं किती दिवस राहणार?" सळया तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासल्या, जिथे फारच झिजल्या होत्या तिथे नव्या जोडल्या, मग गंजरोधक लेप, मग जुन्या-नव्याची पकड बसवणारा लेप, आणि त्यावर पॉलिमर मिसळलेला मसाला, थराथराने. तुळयांना साच्यात मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं पातळ काँक्रीट, ओतून नवं वेष्टण दिलं. हे सगळं छताला, म्हणजे दिवसभर मान वर करून. त्यांच्या डोळ्यांत धूळ जायची आणि चष्मे पुरेसे नसायचे. पुढच्या अर्जात आम्ही ते लिहिलं आणि चष्मे आले.

पाण्याचा प्रश्न उन्हाळ्याच्या तोंडाशी आला, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो आपल्याकडे सगळीकडेच येणार. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि फाल्गुन-चैत्रात विहिरींचा तळ दिसतो. परिसरातली विहीर आटत आल्यावर कामाला खालच्या बोअरचं पाणी घ्यायला सुरुवात झाली. त्या पाण्याने चहा केला तर चव बदलते हे मेसच्या मावशींना माहीत होतं, त्यांनीच आम्हाला सांगितलं. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं तेच मानक सांगतं. मोजणं आमच्या हातातलं होतं. पोटॅशियम क्रोमेट टाकून सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन करायचं, पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचं. बी.एस्सी.ला केलेला मोहर पद्धतीचा प्रयोग. आमच्या सरांच्या देखरेखीखाली आम्ही बोअरचे नमुने घेतले, विहिरीचे घेतले, टँकरचेही. बोअरचं पाणी मर्यादेच्या वर गेलं होतं आणि आठवड्यागणिक वाढत होतं. वरच्या वाडीतल्या विहिरीचं अगदी गोडं निघालं.

सरांच्या सहीने आकडे अभियंत्यांकडे गेले. त्यांनी त्याच दिवशी बोअरचं पाणी बंद करायला सांगितलं. वाडीतल्या लोकांनी पाणी द्यायला होकार दिला, तोही स्वतःच्या उन्हाळ्यात. त्यांची अट एकच होती, टँकर सकाळी बायकांचं पाणी भरून झाल्यावर यावा. पुढे छतावर आणि तुळयांवर ओलं गोणपाट बांधून पाणी मारलं गेलं ते त्या विहिरीचं. ज्या खाऱ्यामुळे इमारत आतून पोखरली, तेच दुरुस्तीच्या मसाल्यात कालवून पुन्हा आत भरलं गेलं असतं. हे एका टायट्रेशनने टळलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पुस्तकातला एखादा प्रयोग आपल्या डोक्यावरच्या छतासाठी केला, असं किती जणांच्या वाट्याला येतं?

गच्चीचं काम शेवटी झालं. जुना कोबा उखडून नवा घातला, पाणी वाहून जाईल असा उतार दिला, मग पन्हळी बंद करून पाणी कोंडून ठेवलं आणि खालून छतं पाहिली. पत्र्याची शेड पुन्हा उभी राहिली.

परत यायच्या आधीची बैठक मेसच्या हॉलमध्ये झाली. पालकांनाही बोलावलं होतं. अभियंत्यांनी स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, म्हणजे इमारत मजबूत असल्याचा दाखला, वाचून दाखवलं आणि त्याची प्रत फलकावर लावली. कुठे काय केलं याचा मजलावार नकाशाही लावला. रूममेटचे वडील मंडणगडहून आले होते. त्यांची हयात मुंबईत बांधकामावर गेली आहे. बैठकीत ते काही बोलले नाहीत. नंतर रेक्टर मॅडमची परवानगी घेऊन वर गेले, कोपऱ्यातला बांबू उचलला आणि आमच्या खोलीचं छत एका टोकापासून ठोकत गेले. घट्ट जागी आवाज टणक येतो, आत पोकळ असेल तिथे भदभद येतो. खिडकीजवळ एका ठिकाणी आवाज बदलला. त्यांनी तिथे खडूने गोल केला आणि मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्रींनी ठोकून पाहिलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तेवढा भाग काढून पुन्हा भरला. मग वडील मुलीला म्हणाले, "रहा आता." तिच्या सामानाची पेटी मी तिच्या हातात दिली.

ही बांबूने ठोकायची परीक्षा कुणालाही जमते. ती ऑडिटची जागा घेत नाही, पण कुठे विचारायचं ते सांगते.

खोलीवाटपात बाहेर पडलेल्या मुलींना प्राधान्य मिळालं, ते योग्यच झालं. पण आमच्या पुढच्या वर्गातल्या मुली तोवर पास होऊन गेल्या होत्या. अर्जावर पहिल्या सह्या त्यांच्या होत्या. त्यांची शेवटची परीक्षा भाड्याच्या खोल्यांतून आणि मेसच्या हॉलमधून गेली, त्यांना ही इमारत परत मिळाली नाही. दोघी निकालाच्या दिवशी पाहायला आल्या, सगळ्या खोल्यांतून फिरल्या. त्यांच्याकडे पाहताना मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. काम एक पावसाळा आधी लागलं असतं तर?

परतल्यावरचे पहिले दिवस सोपे नव्हते. रंगाचा वास, नवे पंखे, स्वच्छ भिंती, सगळं छान होतं, तरी रात्री कुणीतरी खाट भिंतीकडे सरकवून घ्यायची. बाहेर नारळ पडला तरी दोन खोल्यांतले दिवे लागायचे. पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री आम्ही टॉर्च घेऊन मजल्यामजल्यावर छतं पाहत फिरलो. वरचा मजला कोरडा होता! फक्त पहिल्या मजल्यावर न्हाणीघराच्या भिंतीला तळव्याएवढी ओल आली होती. तिच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली, दुसऱ्या दिवशी रेघेबाहेर पसरलेली दिसली, लगेच कळवलं. नळाचा सांधा गळत होता. तो बदलल्यावर ओल थांबली.

तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर एक नोंदवही आहे. ओल, भेग, गंजाचा ओघळ, पोकळ आवाज, जे दिसेल ते तारखेसह लिहायचं, शक्य असेल तर बाजूला पट्टी धरून फोटो काढायचा. जुन्या विंगच्या एका भेगेवर अभियंत्यांनी काचेची पट्टी चिकटवून दिली आहे. भेग हलली तर काच तडकेल. अजून शाबूत आहे. नोंदवही दर महिन्याला रेक्टर मॅडम पाहतात आणि सही करतात. नव्याने आलेल्या मुलींना खोलीची किल्ली देताना आम्ही तीही दाखवतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांना ठरावीक वर्षांनी ऑडिट करून घ्यावं लागतं, वसतिगृहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला मात्र तिच्या इमारतीचं ऑडिट शेवटचं कधी झालं हे विचारायचं असतं हेच कुणी सांगत नाही.

समोरचं मुलांचं वसतिगृह आमच्याच वेळचं, त्याच रेतीचं. तिथेही जिन्याखाली तपकिरी ओघळ आहेत. गेल्या महिन्यात तिथले प्रतिनिधी आमच्याकडे आले. आम्ही त्यांना आमच्या अर्जांच्या प्रती दिल्या, पाण्याचे आकडे दिले, आणि रूममेटने बांबू घेऊन दोन खोल्यांत छत कसं ठोकायचं ते दाखवलं. त्यांच्या अर्जाची पोच मिळाली आहे. ऑडिटसाठी त्यांनी दिवाळीची सुट्टी मागितली आहे. तेव्हा पाऊस गेलेला असतो आणि खोल्याही रिकाम्या असतात.